माइकवर भरलेली ओटी

माइकवरून माझं नाव पुकारलं तेव्हा मी सगळ्यात मागच्या सतरंजीवर बसले होते. मांडीवर धाकटी मैत्री, शेजारी मोठी प्रज्ञा. दोघींना नवे फ्रॉक घातलेले. शाळेच्या पटांगणात मांडव होता. संक्रांतीचं हळदीकुंकू. बंगल्यावरच्या वहिनीसाहेबांनी ठेवलेलं. त्यांचे मालक आमच्या भागातले पुढारी आणि निवडणूक तोंडावर. स्टेजच्या मागे मोठा फलक, त्यावर वहिनीसाहेबांचा हात जोडलेला फोटो आणि बाजूला गुबगुबीत पोरीचं चित्र. खाली लिहिलेलं, लेक राखा अभियान.

त्याआधी दोन मुलींच्या आयांचे सत्कार झाले होते. मला वाटलं, आता आपली पाळी. मी मैत्रीला प्रज्ञाकडे दिलं, पदर सावरला आणि पुढे गेले.

स्टेजवर पाट मांडला होता. भोवती रांगोळी. मला पाटावर बसवलं. वहिनीसाहेबांनी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं.

आमची आळी बौद्धांची. नेकनूरकडून आत आलं की गावाच्या अलीकडे लागते. मी शिवणकाम करते. वरच्या गावातल्या बायका ब्लाऊज माझ्याकडेच टाकतात, कारण माझ्या हाताचं फिटिंग बसतं. माप घेताना माझा हात त्यांच्या पाठीला लागतो, दंडाला लागतो. तेव्हा कुणाचं काही अडत नाही. पण लग्न होऊन या गावात आल्यापासून एकाही घरातून मला हळदीकुंकवाला बोलावणं आलं नव्हतं. आम्हाला कुंकवाचं काही कौतुक नाही. आम्ही ते सोडलं. पण सोडणं वेगळं आणि कुणी न बोलावणं वेगळं. त्यामुळे खरं सांगते, त्या बाईचं बोट माझ्या कपाळाला टेकलं तेव्हा मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

मग त्यांनी माझा पदर पसरवला. त्यात तांदूळ घातले. नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण. माझी ओटी भरली. मी गोंधळले. ओटी कशाला? आणि त्यांनी एका हाताने माइक तोंडाशी धरला.

"भगिनींनो, ही आपली बहीण वाट चुकली होती. हिला दोन लेकी आहेत. तिसऱ्यांदा दिवस गेलेत. ही पोटातली लेक पाडायला निघाली होती. आपल्या अभियानाच्या कार्यकर्त्यांना वेळीच कळलं. आज मी तिची ओटी भरून त्या लेकीला वाचवलंय. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या.

माझ्या पोटात काय आहे ते त्या मांडवात फक्त मला माहीत आहे, असं मी धरून चालले होते. सासूलाही सांगितलं नव्हतं. मी पदर धरून बसले होते. उठले तर तांदूळ सांडणार. बाईने भरली ओटी सांडायची नसते, हे आम्ही धर्म सोडला तरी आमच्या हातांनी सोडलेलं नाही. माझे दोन्ही हात त्या पदरात अडकलेले, आणि समोरची माणसं मोबाइल वर करून माझं शूटिंग घेत होती. फलकासमोर मान खाली घातलेली मी. तो व्हिडिओ संध्याकाळच्या आत साऱ्या तालुक्यात फिरला.

झालं होतं ते असं.

मैत्रीच्या वेळी मला खूप रक्त गेलं होतं. तेव्हाच मी म्हणाले होते, आता माझं ऑपरेशन करून टाका. वॉर्डातली नर्स हसली. "अगं दोन्ही पोरीच हायत. थांब जरा. एक पोरगं होऊ दे, मग कर." माझ्या सासूनेही मान हलवली. सासूला मी आत्याबाई म्हणते. तर माझं ऑपरेशन राहिलं. मग तांबी बसवली. ती मला सोसली नाही, कंबर भरून यायची, म्हणून काढली. त्यानंतर माझा नवरा सुनील काळजी घ्यायचा. घेता घेता चुकलं.

पाळी चुकली तेव्हा मला दोन दिवसांत कळलं. शरीर आपलं असलं की कळतं. मी सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "मला नको." तो म्हणाला, "मग नको." आमच्या घरात एवढंच बोलणं झालं. पोटात मुलगी की मुलगा हा विषयसुद्धा निघाला नाही. निघणार कसा? पुरते दोन महिनेही झाले नव्हते. मटकीच्या दाण्याएवढा जीव. त्यात काय आहे ते अजून त्यालाच ठाऊक नव्हतं.

तालुक्याच्या गावात एका खाजगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, मग विचारलं, "आधीची मुलं किती?"

"दोन मुली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आम्ही नाही करत. दोन मुलींवर आलेली केस आम्ही घेतच नाही."

"साहेब, कायद्यात बसतंय ना? मी वाचलंय."

"बसतं. पण उद्या धाड पडली तर तुम्ही येणार का सोडवायला? दोन मुलगे असते तर विचार केला असता."

आमच्या शेजारच्या गल्लीतली एक बाई मला माहीत आहे. तिला दोन मुलगे. गेल्या वर्षी तिला दिवस गेले, तिने याच दवाखान्यात जाऊन मोकळं करून घेतलं आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापल्या. कुणी तिला काही विचारलं नाही. मुलगे जन्माला घातलेल्या बाईच्या शब्दावर विश्वास असतो. मी मुली जन्माला घातल्या म्हणून मी संशयित. आमच्या जिल्ह्यात मुली मारण्याचं पाप झालं, भरपूर झालं. सोनोग्राफीचं मशीन घेऊन फिरणारे, नोटा मोजून घेणारे, गाडीत बसवून नेणारे, सगळे झाले. त्यातले किती आत गेले ते मला माहीत नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी माझ्या गळ्यात आली.

मग मी गावातल्या मेडिकलवर गेले. मला वाटलं, गोळ्या तरी मिळतील. काउंटरवरचा माणूस बंगल्यावरच्यांच्या भावकीतला. चार माणसांसमोर बोलायला नको म्हणून मी दुकान रिकामं व्हायची वाट बघितली. तो म्हणाला, "ती गोळी आता बीड जिल्ह्यात कुणी ठेवत न्हाई. आन् तुमाला तर न्हाईच मिळायची, वहिनी." त्याने आवाज चढवला नाही. उलट फार अदबीने बोलला. दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून दोन बायका आमच्या आळीत आल्या, कुंकवाची वाटी घेऊन. आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्या हरखल्या.

"आमाला बी बोलावलंय?"

"तुमच्या सुनंला तर मानाचं बोलावणं हाय," त्या बंगल्यावरच्या बायका म्हणाल्या.

मान तो हा.

मांडवातून घरी येताना प्रज्ञा माझ्याशी बोलली नाही. बारा वर्षांची पोर. मैत्रीला कडेवर घेऊन पुढे चालत होती. घरात आल्यावर तिने मैत्रीला खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, तुला आमी नको होतो का?"

मी पदरातले तांदूळ अजून धरूनच होते. तोंड उघडलं, पण बोलता आलं नाही. एवढ्या लोकांसमोर काय झालं त्याने मी मेले नव्हते. या एका वाक्याने मेले. पोरीने माझ्या तोंडाकडे बघितलं, तिला वाटलं खरंच असेल, आणि ती बाहेर गेली.

आत्याबाईंनी माझ्या पदरातून ओटी काढून घेतली. त्यांना राग आला होता, की मी त्यांच्यापासून लपवलं. पण आनंद रागापेक्षा मोठा होता. बंगल्यावरची ओटी आमच्या घरात आलेली. ओटीचे तांदूळ जिचे तिनेच खायचे असतात. आत्याबाईंनी त्यात घरचे तांदूळ घातले, गूळ घातला, नारळ फोडून खोवला आणि मोठं पातेलं भरून गोड भात केला. निम्मी आळी ऊसतोडीला गेलेली होती. जी म्हातारीकोतारी आणि लेकरं मागे होती त्यांना घरोघर जाऊन वाटी वाटी वाढून आल्या. काय निमित्त म्हणून कुणी विचारलं की सांगायच्या, "सुनंला दिवस गेलेत. वहिनीसाहेबांनी सोता ओटी भरली." ज्यांनी व्हिडिओ बघितला नव्हता त्यांनाही कळलं. मी चुलीपाशी बसून त्यांना थांबवू शकले नाही. उभ्या जन्मात त्यांना पहिल्यांदा कुणाला काही सांगायला मिळालं होतं.

संध्याकाळी तात्या आले. तात्या म्हणजे आळीतले वडीलधारे. एसटीत कंडक्टर होते, जयंतीची वर्गणी तेच गोळा करतात, माझ्या लग्नात वंदना त्यांनीच म्हटली. त्यांनी भाताला हात लावला नाही. मला हायसं वाटलं. वाटलं, आपलं माणूस आलं, आता हा बोलेल.

तात्या बोलले. "कपाळाला कुकू कावून लावून घेतलं? ओटी कावून घेतली? बापजाद्यांनी हे सोडलं ते काय उगंच?"

"तात्या, त्यांनी माझं पोट माइकवर सांगितलं."

"ते झालं चुकीचं. पर तू बी पाडायला कावून निघालती? आपल्याला काय कमी हाय का? लेकरू पाडणं आपल्या धम्मात बसत न्हाई. आन् पोरगं असंल तर? समाजाला माणसं पायजेत."

 वरच्या गावाला माझ्या पोटातली लेक हवी होती, फलकावर लावायला. माझ्या आळीला माझ्या पोटातलं पोरगं हवं होतं, जयंतीच्या मिरवणुकीत चालायला. माझ्या कपाळावरून दोघांचं भांडण होतं. माझ्या पोटाबद्दल दोघांचं एकमत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी उठून आत गेले.

त्या ओटीने काय केलं ते पुरुषांना कळणार नाही. दवाखान्याचं दार बंद झालं तर दुसरं शोधता येतं. पण गावाने ओटी भरलेली बघितली की पोट गावाचं होतं. नळावर गेले की बायका विचारायच्या, कितवा. डोहाळे काय लागतात. रिकामी घागर उचलली तरी कुणीतरी ओरडायचं, "जपून गं, लेक हाय पोटात." मुलगीच आहे असं गावाने ठरवूनच टाकलं होतं. बंगल्यावरच्या बायका आठवड्याला चक्कर टाकायच्या. चौकशी म्हणायची आणि नजर ठेवायची. सुनील वहिनीसाहेबांच्या मालकांच्या संस्थेतल्या शाळेची गाडी चालवायचा. त्याला एकदा बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "बायकोला सांभाळ रे बाबा. काय झालं तर आमची बदनामी." घरी येऊन त्याने मला ते सांगितलं, पण माझ्याकडे बघून सांगितलं नाही.

शाळेत प्रज्ञाच्या वर्गातली एक पोरगी तिला म्हणाली, तुझी आई लेकी मारती. प्रज्ञाने तिचे केस ओढले. बाईंनी शिक्षा प्रज्ञाला केली.

मी वाट बघत होते. कशाची ते मलाही कळत नव्हतं. मनातून मी हरले होते. म्हणत होते, जाऊ दे, होऊ दे एक. इतक्या बायका तिसरं जन्माला घालतात. मैत्रीच्या वेळचं रक्त आठवायचं, तरी म्हणायचे, जाऊ दे.

मग एका दुपारी सुमनबाई आली. वहिनीसाहेबांची चुलत जाऊ. मी मशीनवर होते, तिचाच ब्लाऊज शिवत होते. ती आत आली, माझ्याशेजारी उभी राहिली, आणि बोलता बोलता तिने माझ्या पदराखाली हात घातला. माझ्या पोटावर ठेवला. दाबून बघितलं, बाजारात भोपळा दाबून बघतात तसं.

"अजून काईच लागंना. हाय ना आत? का केलंस काई?"

मशीन थांबलं. मी माझ्या पोटावरचा तिचा हात बघितला. बोटात अंगठी होती. मी वीस वर्षं बायकांची मापं घेते. लग्नाआधीपासून. कुणाच्याही अंगाला टेप लावायच्या आधी मी विचारते, घेऊ का. गिऱ्हाइकाचं अंग असतं ते, कापड नसतं. आणि ही बाई.

"हात काढा," मी म्हणाले.

"अगं, बघतीय नुसतं."

"हात काढा म्हणलं."

तिने काढला नाही. हसली. मी तिचं मनगट धरलं आणि तिचा हात माझ्या अंगावरून उचलून बाजूला केला. जोरात नाही. पण तिला कळलं. तिच्या आयुष्यात आमच्या आळीतल्या कुणी तिचं मनगट धरलं नव्हतं. ती गोरीमोरी झाली.

"मस्ती आली का गं?"

"माझ्या अंगाला परत हात लावायचा न्हाई. तुमी बी न्हाई, तुमच्या वहिनीसाहेबांनी बी न्हाई."

ती अर्धवट शिवलेला ब्लाऊज तसाच टाकून गेली.  माझं डोकं त्या दिवशी किती तरी दिवसांनी साफ झालं. मला नको आहे. कारण? कारण मला नको आहे. रक्त गेलं होतं, तांबी सोसली नव्हती, चुकून राहिलं, ही सगळी कारणं खरी होती आणि मी ती सगळ्यांना देत फिरत होते, हात पसरून मागितल्यासारखी. बंगल्यावरच्यांना कारण मागायचा हक्क कुणी दिला?

मी प्रज्ञाला जवळ बसवलं आणि सांगितलं. कोणती गोष्ट लहान मुलीला सांगायची नसते, ते ठरवणाऱ्यांनीच ती तिला माइकवरून सांगितली होती. मग आता खरं तरी माझ्या तोंडून ऐकू दे. मी म्हणाले, "तू मला पाहिजे होतीस. मैत्री पाहिजे होती. आता पोटात जे हाय ते पोरगी न्हाई, पोरगा न्हाई. अजून काहीच न्हाई. आन् मला ते नको. माझ्या अंगात आता ते बळ न्हाई, आन् मला करायचं बी न्हाई."

तिने विचार केला. मग विचारलं, "पोरगा असता तरी?"

"तरी."

"शपथ?"

"शपथ कशाला? आई हाय मी तुझी."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही रडले. ते ओझं उतरलं तेव्हा मला कळलं की मला बाकी कुणाची भीती नव्हती, या पोरीचीच होती.

सुनीलला सांगितलं, मी जातेय. तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल." मी म्हणाले, "जाईल." तो बाजेवर बसून राहिला. सकाळी उठून त्याने माझी पिशवी एसटीपर्यंत आणली. शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. मोठी रांग, मोठा गोंगाट. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनेही विचारलं, मुलं किती. मी दगड होऊन सांगितलं, दोन मुली. तिने लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना? कुणी जबरदस्ती तर करत नाही?"

मी रडायला लागले. ती घाबरली. तिला वाटलं कुणीतरी जबरदस्तीने आणलंय. तिला कसं सांगू की इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. मी म्हणाले, "माझीच इच्छा हाय." नवऱ्याची सही लागेल का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "नाही. तुमचीच लागते." शाळा सुटल्यावर सुनील आला आणि बाकावर बसून राहिला. मी बाहेर आले तेव्हा त्याने फक्त पाण्याची बाटली उघडून दिली.

मला दुःख झालं का? लोक विचारतात, म्हणजे विचारायची त्यांना फार हौस. दोन दिवस पोटात दुखलं. नंतर मी झोपले. खूप झोपले.

गावात कळायला वेळ लागला नाही. तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरला, आता खाली माझं नाव आणि लेकीची मारेकरी असं लिहून. घरी पोलीस आले. एक महिला शिपाई होती, तिने माझे कागद बघितले, परत दिले आणि म्हणाली, "हे कायद्यानं झालंय. यात काई केस होत न्हाई." जाताना हळूच म्हणाली, "पर थोडे दिस माहेरी जाऊन राहा ताई." मी नाही गेले. सुनीलची नोकरी गेली. बायकांनी न कापलेले ब्लाऊजपीस परत नेले. काहींनी स्वतः न येता पोरांना पाठवलं. ज्यांच्या अंगाचं प्रत्येक माप मला पाठ आहे, त्या रस्त्यात तोंड फिरवून जायला लागल्या. आत्याबाई माझ्या हातचं जेवत, पण बोलत नव्हत्या. आळीत वाटलेला गोड भात त्यांच्या घशात अडकला होता.

महाराष्ट्र दिनाला ग्रामसभा झाली. ऊसतोडीची माणसं परत आलेली, त्यामुळे चावडीसमोर दाटी होती. वहिनीसाहेब खुर्चीवर. बायका मागे, कडेला. सरपंचांनी ठराव वाचला. गावातली मुलींची संख्या वाढावी म्हणून एक समिती. विवाहित बाईची पाळी चुकली की तिने किंवा घरच्यांनी समितीला कळवायचं. समितीचं पत्र असल्याशिवाय तिला गर्भाच्या कामासाठी गावाबाहेरच्या दवाखान्यात न्यायचं नाही. समितीत तीन पुरुष, दोन बाया. बायांमधली एक सुमनबाई.

मी उभी राहिले. सुनील समोर पुरुषांत बसला होता. त्याच्या शेजारचा त्याला म्हणाला, "बसव बे तिला खाली." सुनीलने मान वर केली नाही, पण मला बसवलंही नाही.

मी म्हणाले, "ठरावाला माझा विरोध हाय. माझं नाव लिहून घ्या."

ग्रामसेवकाने सरपंचांकडे बघितलं.

मी म्हणाले, "वहिनीसाहेब, तुमच्या घरात तीन नातू हायत. नात एक न्हाई. तुमच्या सुनांची पाळी चुकली तवा कोणत्या समितीला कळवलं?"

 वहिनीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वैयक्तिक बोलायचं न्हाई," सरपंच म्हणाले.

"मग पाळी काय ग्रामपंचायतीची हाय?"

कुणीतरी हसलं. बाई होती, पण कोण ते दिसलं नाही. मग आरडाओरडा झाला, बसवा, हाकला, हिची लायकी काय. मी उभीच राहिले. सरपंच म्हणाले, हात वर करा. हात वर झाले. पुरुषांचे जवळजवळ सगळे. तात्यांचासुद्धा. बायकांचेही. दोन मुलगेवाली ती बाई माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसली होती. तिने हात वर केला आणि जमिनीकडे बघत राहिली. आत्याबाईंनी हात पदरात धरून ठेवले. मग विरोधाचे हात मागितले, तेव्हा मी हात वर करून वळून बघितलं तर मी एकटी. सुनीलचा हात अर्धा वर आला, कानापर्यंत. तो कानच खाजवतोय की काय, कळेना. त्यांनी तो मोजला नाही.

ठराव पास झाला. असला ठराव कायद्यात टिकत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. पण आमच्या गावात कायदा बीडवरून येतो आणि सुमनबाई शेजारून येते.

उठता उठता मागून एकजण म्हणाला, "विवाहितच कावून? बिनलग्नाच्या पोरी बी घ्या की त्यात. आजकाल काय सांगावं." माणसं हसली. सरपंचही हसले, आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "घ्या, विवाहित काढा. सर्व महिला लिहा." हसत हसत झालं. कुणी हात वर करायलाही सांगितला नाही.

प्रज्ञाला अजून पाळी आलेली नाही. या वर्षी येईल, नाहीतर पुढच्या वर्षी. आमच्यात पोर शहाणी झाली की आधी बायका गोळा व्हायच्या, साडी नेसवायच्या, आळीभर सांगायच्या. माझ्या वेळी तसंच झालं, आणि मी खोलीत तोंड लपवून बसले होते. माझ्या पोरीच्या वेळी कुणालाही कळणार नाही. आळीला नाही, समितीला नाही, तात्यांना नाही. ती येईल, चुकेल, लवकर येईल, उशिरा येईल, ते तिला माहीत असेल. तिला सांगावंसं वाटलं तर मला माहीत असेल. तिने नाही सांगितलं तर मीसुद्धा विचारणार नाही.

मी या गावातून जाणार नाही. मशीन इथेच चालेल, गिऱ्हाईक आलं तर गिऱ्हाइकासाठी, नाहीतर माझ्या पोरींसाठी. समितीचं कुणी विचारायला आलं तर मी दारातच उभी राहीन. सुमनबाईचं मनगट मी हळू धरलं होतं. आता हळू धरणार नाही.